सिंकखालचा कुबट वास: चार पावसाळे झाले, जात नाही

वाशिष्ठीकाठ | २९ जून २०२५

सिंकखालच्या खणातला कुबट वास कसा घालवावा, हे विचारायचं आहे. जरा सविस्तर लिहिते, नाहीतर मी करून बसलेलेच उपाय पुन्हा सुचवले जातील.

घर चिपळूणला, बाजारपेठेच्या मागच्या बाजूला. तळमजल्याचं, स्वतःचं, पंचेचाळीस वर्षांचं जुनं. ओटा कडाप्प्याचा. सिंकखालचा खणही कडाप्प्याचाच: दोन बाजूंना उभे, तळाला एक आडवा. हा तळाचा कडाप्पा जमिनीपासून चारेक इंच वर आहे आणि खालची पोकळी पुढून टाइलची पट्टी लावून बंद केली आहे. लाकूड कुठेही नाही. दारं अ‍ॅल्युमिनियमची, ती २०२१ नंतर नवीन केली. सिंकचा पाईप तळाच्या कडाप्प्याला पाडलेल्या भोकातून खाली जातो आणि भिंतीतून बाहेर नालीवर सुटतो.

जूनच्या मध्यापर्यंत काहीही त्रास नसतो. पाऊस धरला की आठ-दहा दिवसांत दार उघडताच वास येतो. ओल्या पोत्यासारखा, वर्षभर न उघडलेल्या पेटीतल्या गोधडीसारखा, आणि त्याच्या तळाशी चिखलाचा. गटाराचा किंवा नासलेल्या अन्नाचा नाही, हे मी खात्रीने सांगते. दिवाळीपर्यंत कमी होतो, होळीला खणात नाक घातलं तरी काही नाही.

केलेले उपाय: डांबरगोळ्या (दोन्ही वास एकत्र झाले, डोकं दुखलं). खाण्याच्या सोड्याची वाटी. कापूर. व्हिनेगरने खण पुसून काढला, तेव्हा दोन दिवस खरंच बरं वाटलं, तिसऱ्या दिवशी पहिल्यासारखं. सगळं सामान बाहेर काढून साबणाने धुतलं, पंखा लावला. प्लंबर दोनदा येऊन गेले. दुसऱ्या वेळी पाईप नवीन घातला आणि जाताना म्हणाले, "पावसाळा आहे वहिनी, एवढा वास राहणारच."

हे सगळं मी सहन केलं असतं. पण घरात सासूबाई आहेत, वय ८४. पूर्वी त्यांची बसायची जागा सिंकशेजारीच होती. स्टूल टाकून भाजी निवडायच्या, माझ्याशी बोलायच्या. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी आमच्या ओट्याच्या वर चढलं. आषाढी एकादशी होऊन दोनच दिवस झाले होते. आम्ही माडीवर शेजाऱ्यांकडे होतो. त्यानंतर दर आषाढात त्या स्वयंपाकघरात पाय ठेवेनाशा होतात. चहासुद्धा ओटीवर मागतात. विचारलं की एकच उत्तर: "पुराचा वास येतोय गो." आम्ही सगळ्यांनी ते मनाचं दुखणं म्हणून धरलं. त्या दिवशीची भीती बसली आहे, आषाढ आला की वर येते, असं. मीही तेच म्हणत होते. यंदा मात्र वास मलाच इतका जाणवतो आहे की काहीतरी नीट शोधावं असं वाटतं. कुणाला अनुभव असेल तर सांगा.

---

रत्नांग्रीची_माई | २९ जून

ताई, आमच्याकडे पावसाळ्यात कपाटात कळीचा चुना ठेवतात. डब्याच्या झाकणाला भोकं पाडून कोपऱ्यात ठेवायचा, हवेतली ओल तो ओढून घेतो. महिन्याभरात फुलून त्याची पूड होते, मग नवीन भरायचा. माझ्या आईने लग्नाच्या शालूंच्या पेटीजवळ असा डबा वर्षानुवर्षं ठेवला, एकदाही बुरशी आली नाही. करून बघा.

---

पूर्वेचा_शेजारी | ३० जून

डोंबिवलीला आमच्या फ्लॅटमध्ये असाच वास होता, फक्त तो सडक्या अंड्यासारखा होता. सिंकचा पाईप नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे जमिनीतल्या जाळीखालच्या पाणी धरून ठेवणाऱ्या भांड्यात, नुसता सोडलेला, भोवती मोकळी फट. गावाला पंधरा दिवस गेलो की ट्रॅपमधलं पाणी सुकायचं आणि गटाराची हवा थेट घरात. पाईपभोवती रबरी कॉलर बसवली, गावाला जाताना ट्रॅपमध्ये पाणी भरून वर दोन चमचे तेल सोडतो, म्हणजे पाणी लवकर उडत नाही. तुमचं वर्णन वेगळं वाटतं, तरी पाईपकडे एकदा बघा.

---

निवृत्त_ओव्हरसिअर | २ जुलै

वहिनी, मी सांगलीचा. २००५, २०१९ आणि २०२१, तिन्ही पुरांचं पाणी घरात बघितलेलं आहे, आणि नोकरी सगळी बांधकामातली. तुमचा मजकूर दोनदा वाचला. आधी एक काळजीचं: खणात गॅसचा सिलिंडर असेल तर पहिल्यांदा तो तपासा. घरगुती गॅसला वास मुद्दाम घातलेला असतो आणि गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे तो खालच्या खणात साचतो. शंका आली तर दिव्याचं बटणही दाबू नका, रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, १९०६ ला फोन करा. तुमचा वास तो नाही असं वर्णनावरून दिसतं, तरी लिहून ठेवतो.

दुसरं, माईंचा कळीच्या चुन्याचा उपाय कपाटाला चांगला, सिंकखाली नको. त्याच्यावर पाणी पडलं की तो उकळतो, डबा फुटतो, डोळ्यात उडाला तर डोळा जातो. आणि व्हिनेगर कडाप्प्यावर वापरू नका. कडाप्पा हा चुनखडीचा दगड, आम्लाने त्याची चकाकी जाते आणि तो पाणी जास्त पिऊ लागतो.

आता शोध. वास म्हणजे ओल, आणि ओल म्हणजे पाणी कुठून तरी येतं आहे आणि कुठे तरी थांबतं आहे. हे दोन्ही "कुठे" सापडल्याशिवाय पैसे खर्च करू नका. चार गोष्टी करा, सगळ्या फुकटच्या आहेत.

रात्री सिंकच्या जाळीवर ओलं फडकं दाबून वर पाण्याने भरलेलं पातेलं ठेवा, बाहेर नालीवरचं पाईपचं तोंडही प्लास्टिकची पिशवी बांधून बंद करा. सकाळी खण उघडा. वास गेला असेल तर तो पाईपातून येतो. तसाच असेल तर पाईप निर्दोष.

खणाच्या तळाला वर्तमानपत्र अंथरा, दोन दिवस राहू द्या. थेंब पडला तर कागदाला सुरकुती येते, ती वाळली तरी राहते. नुसत्या डोळ्याने न दिसणारी गळती कागद सांगतो.

सिंकचं तोंड बंद करून सिंक काठोकाठ भरा आणि मग एकदम सोडा. कुणाला तरी खाली टॉर्च घेऊन बसवा. प्लंबर नळ बारीक सोडून बघतात आणि "गळत नाही" म्हणतात. भरलेल्या सिंकचा दाब आल्याशिवाय जुना वॉशर तोंड उघडत नाही. सिंक आणि ओटा यांच्या सांध्यावरही तांब्याभर पाणी ओता. तिथलं सिलिकॉन सुटलेलं असलं तर ओट्यावरचं पाणी सिंकच्या पाठीवरून खाली उतरतं.

चौथी गोष्ट तुमच्या घराची खास आहे. तळाच्या कडाप्प्याखालची ती चार इंचांची पोकळी. पाणी ओट्याच्या वर गेलं होतं म्हणता, म्हणजे ते त्या पोकळीत भरलं होतंच. पाईपच्या भोकातून शिरलं असणार. पाणी ओसरलं, पण गाळ? टाइलची पट्टी तेव्हा काढली होती का? लाकडाचं फर्निचर असतं तर ते फुगलं असतं, तुम्ही फेकलं असतं, आणि आतलं सगळं उघड्यावर आलं असतं. कडाप्प्याला काही होत नाही, म्हणून तो कुणी हलवत नाही. पट्टीवर लाटण्याने ठोकून बघा, आवाज पोकळ येतो की भरीव.

---

वाशिष्ठीकाठ | ४ जुलै

काका, तुमचं वाचून मी काल दुपारपासून दुसरं काही केलेलं नाही.

सिलिंडर बाहेरच्या पडवीत आहे, तो प्रश्न नाही. फडकं-पातेलं आणि बाहेर पिशवी रात्रभर ठेवली, सकाळी वास जसाच्या तसा. वर्तमानपत्र कोरडं, एक सुरकुती नाही. मी जवळजवळ सोडून दिलं होतं.

मग लेकाला खाली बसवून सिंक भरून सोडलं. तो म्हणाला, "काही नाही... थांब, पाईप चमकतोय." सिंकच्या तोंडाशी जिथे जाळीचा भाग खालून नटाने आवळतात, तिथून पाणी सुटत होतं, पण थेंब होऊन पडत नव्हतं. पाईपच्या बाहेरून ओघळत सरळ खाली, कडाप्प्याच्या भोकात. पाईप सव्वा इंचाचा, भोक तीन इंचांचं. म्हणून खणाचा तळ कोरडा आणि कागदही कोरडा. प्लंबरांनी पाईप बदलला तेव्हा वरचा वॉशर जुनाच ठेवला असणार.

पट्टीवर लाटण्याने ठोकलं. डावीकडे पोकळ, सिंकखाली भरीव. लेकाने खराट्यातला एक हीर काढून त्या भोकातून खाली घातला. चार बोटं गेला आणि रुतला. वर काढला तेव्हा त्याला करडा चिखल लागलेला होता, अगदी लोण्यासारखा मऊ.

तो हीर मी मोरीत टाकायला निघाले. सासूबाई ओटीच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी हात पुढे केला, हीर जवळ घेतला, वास घेतला आणि म्हणाल्या, "हाच." एवढंच. आणि आत जाऊन पडल्या.

चार वर्षं त्या खरं सांगत होत्या. मला काल रात्री झोप लागली नाही.

पूर ओसरला तेव्हाचं मला आठवतं. घरात गुडघाभर गाळ होता. पुण्याहून, साताऱ्याहून आलेल्या मुलांनी फावड्यांनी तो उपसला, आम्हाला हातसुद्धा लावू दिला नाही. त्या मुलांचे उपकार मी जन्मात विसरणार नाही. भिंती धुतल्या, भांडी धुतली, देवसुद्धा तीन पाण्यांनी धुतले. ओट्याखाली बंद पट्टीमागे काही असेल, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात यावं? दिसत होतं तेच एवढं होतं.

आता पट्टी फोडायची, हे नक्की. पण आतला गाळ इतकी वर्षं बंद आहे. तो काढताना काही धोका आहे का? घरात म्हातारं माणूस आहे म्हणून विचारते.

---

मृद्गंध | ४ जुलै

ताई, मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. तुमच्या सासूबाईंच्या नाकाला माझा नमस्कार सांगा, आणि त्यांना हेही सांगा की त्यांच्या म्हणण्याला शास्त्राचा भक्कम आधार आहे.

मातीत राहणारे काही जिवाणू जिओस्मिन नावाचा पदार्थ तयार करतात. पहिल्या पावसानंतर येणारा मातीचा वास बराचसा त्याचाच. बिटाला जो मातकट वास असतो तोही त्याचाच. माणसाचं नाक या एका पदार्थाच्या बाबतीत विलक्षण तीक्ष्ण आहे: एक लाख कोटी भागांत त्याचे काही मोजके भाग असले तरी आपल्याला कळतं. गाळ ओला राहिला की हे जिवाणू आणि बुरशी दोन्ही कामाला लागतात. उन्हाळ्यात गाळ सुकला की थांबतात, मरत नाहीत, पुन्हा ओल मिळाली की सुरू. तुमचं जूनचं आणि दिवाळीचं वेळापत्रक नेमकं तेच सांगतं. गळती बारा महिने असली तरी उन्हाळ्यात तेवढं पाणी उडून जात असणार, पावसाळ्यात कोकणातल्या हवेत ते उडायला जागाच नसते.

व्हिनेगरने दोन दिवस बरं का वाटलं, तेही सांगते. आम्लाने जिओस्मिनचं रूप बदलतं आणि वास जातो. नदीच्या माशाला मातकट वास येतो तो याच पदार्थामुळे, आणि आपण त्याला चिंच किंवा कोकम लावतो ते उगाच नाही. पण तुम्ही पुसलात तो वरचा कडाप्पा, वास तयार होत होता खाली.

आता काळजी. पुराच्या गाळात सांडपाणी मिसळलेलं असतं, आणि अशा बंद पोकळीत उंदीर फिरतात. पावसाळ्यात लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाची, भीती आपल्याकडे खरी आहे. म्हणून रबरी हातमोजे, पायात बूट, हातापायावर जखम असेल तर त्या माणसाने काम करू नये. गाळ सुकवून झाडू नका, धूळ आणि बुरशीचे कण हवेत उडतात. ओला असतानाच काढा. नाकाला एन-९५ मास्क. त्या दिवशी सासूबाईंना शक्यतो दुसरीकडे ठेवा.

ब्लीचिंग पावडर गाळावर टाकू नका, ती गाळातल्या सेंद्रिय कचऱ्यावरच खर्ची पडते. आधी गाळ पूर्ण काढा, पाण्याने धुवा, मग ब्लीचिंगचं पाणी. आणि ते व्हिनेगरबरोबर किंवा संडास धुण्याच्या आम्लाबरोबर कधीही एकत्र होऊ देऊ नका. क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद स्वयंपाकघरात तो जिवावर बेततो.

---

निवृत्त_ओव्हरसिअर | ५ जुलै

बाईंनी सांगितलं ते तंतोतंत पाळा. माझ्याकडून कामाचा क्रम.

आधी गळती बंद, मग फोडाफोडी. वॉशर आणि नट दोन्ही नवीन घाला, पुन्हा सिंक काठोकाठ भरून सोडून बघा. मग गवंडी बोलवा. कडाप्पा उचलायचा नाही, तडकेल. फक्त पुढची पट्टी छिन्नीने काढायची आणि पुढून उपसायचं. धुताना पाणी बादलीने ओतू नका, ओल भिंतीत चढेल. स्पंज आणि फडक्याने पुसून काढायचं.

मग वाळवणं, आणि इथे घाई करू नका. पावसाळ्यात आठ दिवस तरी धरून चला. टेबल पंखा जमिनीवर ठेवून वारा त्या फटीत जाईल असा लावा. पूर्वी कपाटात साठ वॅटचा दिवा लावून ठेवायचे, तो उपाय आता एलईडीने होत नाही, त्याला ऊबच नसते.

कोरडं झाल्यावर आत विझवलेल्या चुन्याचे दोन हात मारा. कळीचा नव्हे, विझवून मुरलेला. ताजा चुना इतका जहाल असतो की बुरशी त्यावर धरत नाही. गवंड्याला लांब दांड्याचा कुंचला लागेल.

पाईपभोवतीच्या भोकाला रबरी कॉलर बसवा. पुढे कधी गळलंच तर पाणी तळाच्या कडाप्प्यावर यावं, तुम्हाला दिसावं. पट्टी पुन्हा टाइलने बंद करू नका. तिथे जाळी लावा, वारा खेळू द्या.

---

वाशिष्ठीकाठ | २० जुलै

उशीर झाला कळवायला. काम झालं, आणि वाळेपर्यंत मी लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

वॉशर ९ तारखेला बदलला. जुना हातात घेतला तर प्लास्टिकसारखा कडक, दोन ठिकाणी चिरलेला. किंमत चाळीस रुपयांच्या आत. दोन दिवसांनी गवंडी आले. सासूबाईंना नणंदेकडे खेर्डीला पाठवलं होतं. पट्टी निघाली तेव्हा तो वास असा अंगावर आला की गवंडीदादा मागे सरकले. तेही इथलेच, त्यांच्याही घरात पाणी होतं. ते काही बोलले नाहीत, मास्क नीट केला आणि कामाला लागले.

पाच घमेली गाळ निघाला. पाच! एवढ्याशा पोकळीतून. वरचा भाग सुका, भेगाळलेला, पाईपखाली मात्र काळा आणि ओला. त्यात शेवयांसारखी मुळं, कुणाच्या तरी औषधाच्या बाटलीचं निळं झाकण, शाळेच्या कंपासपेटीतला गुण्या. आमच्या घरातलं त्यात काहीच नव्हतं. कुठल्या कुठल्या घरांमधून फिरून आमच्या ओट्याखाली येऊन थांबलं होतं.

पंखा सहा दिवस, वीज असेल तेवढा वेळ. मग एक दिवस बंद ठेवून खणाचं दार लावलं आणि दुसऱ्या दिवशी उघडून पाहिलं. अगदी पुसट वास होता. पुन्हा दोन दिवस पंखा. १९ ला, म्हणजे काल, चुन्याचा पहिला हात दिला, आज दुसरा. आत्ता तिथे फक्त ओल्या चुन्याचा वास आहे, नव्या घरासारखा.

मृद्गंध ताई, तुमचं जिओस्मिनचं मी सासूबाईंना वाचून दाखवलं. लाख कोटीचा हिशोब त्यांनी दोनदा वाचायला लावला. मग मी त्यांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "तुम्हाला येत नव्हता तर तुम्ही तरी काय करणार." पण मला येत होता. दर वर्षी थोडा येत होता, आणि मी त्यावर डांबरगोळ्या टाकत होते.

आज सकाळी त्या स्वतःहून आल्या. स्टूल ओढलं, सिंकशेजारी बसल्या, टाकळा निवडला. वासाबद्दल चकार शब्द नाही. थोड्या वेळाने वाकून त्या उघड्या फटीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "इथे जाळी लावणार म्हणतेस, पण त्यातून झुरळं येतील." काका, जाळी किती बारीक घ्यावी?

---

निवृत्त_ओव्हरसिअर | २० जुलै

खिडकीला डासांसाठी लावतात ती, पण स्टेनलेस स्टीलची. नायलॉनची उंदीर कुरतडतो. अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीत बसवून स्क्रूने लावा, चिकटवू नका. दर मे महिन्यात ती काढून आत हात घालून बघता आलं पाहिजे. चुना दर दोन वर्षांनी. आणि आजींना सांगा, झुरळांचा मुद्दा त्यांचा बरोबर आहे.